कुलूप आणि नारळ

आमच्याकडे गाऱ्हाणं मध्येच तोडत नाहीत. कोणी नुसतं शिंकलं तरी म्हातारी माणसं मान वळवून बघतात. देवापुढे एक वडीलधारा उभा राहतो, नारळावर हात ठेवतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो आणि सगळ्यांच्या वतीने जे मागायचं ते मागत जातो. प्रत्येक मागण्यानंतर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय म्हाराजा". कोकणातून मुंबईत आलेली आमची माणसं गिरणीत लागली, गिरण्या बंद पडल्यावर वॉचमन झाली, रिक्षा चालवू लागली, त्यांची मुलं बँकांत आणि कॉल सेंटरांत गेली. एवढ्या सगळ्यात "होय म्हाराजा" काही सुटलं नाही. घाटकोपरच्या आमच्या टॉवरमध्ये तळमजल्यावर एसी हॉल आहे, तिथेही ते तसंच म्हटलं जातं.

या उत्तराची एक गंमत आहे. ते कोणी ऐकून देत नाही. समोरचा श्वास घ्यायला थांबला की आपण म्हणायचं. लहानपणी सगळ्यात मोठ्याने कोण म्हणतं याची आम्हा मुलांची शर्यत असायची. मागणं काय चाललंय याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं, जे काही होतं ते प्रसादाच्या शिऱ्याशी. न ऐकता हो म्हणायची सवय अशी अंगवळणी पडते, आणि पुढे तिचं काय होतं ते मी माझ्याच घरात बघितलं. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि रागातच बसले आहे. वहिनी म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. नसू दे.

तर आमचा टॉवर आज जिथे उभा आहे, तिथे पूर्वी डोंगराच्या अंगावर पत्र्याच्या खोल्या चढत गेल्या होत्या. बाबा गिरणीत, आई घरी, आम्ही दोन भावंडं. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. अख्ख्या वस्तीला पालिकेचा नळ एकच, तोही पायथ्याशी. त्या नळाला लोखंडी पेटी बसवली होती आणि पेटीला कुलूप. किल्ली एका तरुण कार्यकर्त्याकडे. पुढे त्यांना सगळे साहेब म्हणू लागले. मीही साहेबच म्हणते, पण तेव्हा ते कोणाचेच साहेब नव्हते. सकाळी येऊन पेटी उघडायचे, आणि ज्यांच्या घरची माणसं त्यांच्या सभेला जायची त्यांचे हंडे आधी लागायचे. बाकीच्यांची पाळी येईपर्यंत नळाला नुसती हवा. आमचे बाबा सभेला जायचे नाहीत. त्यामुळे आमची पाळी कुठे असायची ते सांगायला नको.

कधी कधी साहेब यायचेच नाहीत. बायका शोधत गेल्या की चहाच्या टपरीवर सापडायचे आणि सांगायचे, "किल्ली घरी राहिली." घर त्या टपरीपासून चार ढांगांवर होतं. वस्तीत ही म्हणच होऊन गेली. कोणी काम टाळायला लागलं, नेलेलं भांडं परत द्यायला का-कू करायला लागलं, की बायका म्हणायच्या, "काय, किल्ली घरी राहिली काय?"

माणूस वाईटच होता असं मी म्हणणार नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर गाडी तेच आणायचे. रेशनकार्डासाठी लोकांबरोबर दिवसभर रांगेत उभे राहायचे. ते गेले तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण माणूस मयताला गाडी आणतो म्हणून त्याने नळाला कुलूप लावलंच नव्हतं, असं होत नाही.

तो दिवस उन्हाळ्याचा होता. आई पाट्यावर वाटप वाटत बसली होती आणि खालून बायकांचा गलका ऐकू आला. ती हात न धुताच उठली, मला कडेवर घेतलं आणि उतरली. मागून दादा. खाली पेटीभोवती रिकामे हंडे आणि तापलेल्या बायका. साहेब आदल्या दिवशीही आले नव्हते, त्या दिवशीही नाहीत. आमच्या समोरच्या खोलीतली काकी म्हणाली, "फोडूया." बायकांनी दगड घालून बघितले. दगडच फुटले. तेव्हा आई दादाला म्हणाली, "जा, वरवंटो घेवन ये."

दादा धावत डोंगर चढला आणि वरवंटा छातीशी कवटाळून उतरला. त्याच्यासारख्या किडकिडीत मुलाला ते ओझं झेपत नव्हतं, पायऱ्यांवर दोनदा तो खालीच बसला. वरवंट्याला अर्धवट वाटप तसंच चिकटलेलं, त्याचा शाळेचा पांढरा शर्ट हळदीने पिवळा झाला होता. आईने मला काकीकडे दिलं, पदर खोचला आणि वरवंटा कुलपावर घातला. किती वेळा घातला ते मला आठवत नाही. कुलूप तुटून खाली पडलं त्याचा आवाज आठवतो. वरवंट्याचा टवका उडाला तो आठवतो. नळाला आधी तांबडं पाणी आलं, मग पांढरं.

पुढे पोलीस आले. लाठीचा एक फटका काकीच्या मनगटावर बसला आणि हात मोडला. आईला आणि आणखी काही बायकांना चौकीत नेऊन बसवलं, सरकारी मालाची नासधूस म्हणून. बाबा पाळी संपवून आले ते डबा घेऊन थेट तिकडेच गेले. संध्याकाळी आई घरी आली आणि पहिलं काय केलं असेल तर शर्टावर हळद पाडली म्हणून दादाच्या पाठीत धपाटा घातला. मग त्याला जवळ घेऊन रडली.

त्यानंतर पालिकेचे लोक येऊन मोजमाप करून गेले, आणि काही महिन्यांनी डोंगरावर पाइप चढला. उद्घाटनाच्या दिवशी साहेब पांढरे कपडे घालून आले आणि नव्या नळावर त्यांनी नारळ फोडला. कुलूप आईने फोडलं, नारळ त्यांनी. मराठीत दोन्हीला फोडणंच म्हणतात, पण फोटो नारळाचा निघाला.

आईला त्याचं काही वाटलं नाही. नारळ कोणीतरी फोडायचाच असतो, म्हणायची. आणि आमच्याकडे गाऱ्हाणं होतं. सव्वीस जानेवारीला सगळ्यांना सुट्टी, म्हणून वस्तीची सत्यनारायणाची महापूजा त्या दिवशी असायची आणि गाऱ्हाणं बाबा घालायचे. त्या सालापासून त्यांनी त्यात एक मागणं वाढवलं. "ज्या बायांनी कुलूप फोडून ह्या डोंगरार पाणी आणल्यानी, तेंचे हंडे सदाच भरलेले ठेव रे म्हाराजा." सगळी वस्ती म्हणायची, "होय म्हाराजा". साहेबही तिथे पाटावर बसलेले असायचे आणि तेही म्हणायचे. हे मी डोळ्यांनी बघितलंय. या ओळीला आई उगाचच पदर सारखा करायची आणि दुसरीकडेच कुठेतरी बघायची. तिला आयुष्यात दुसरा कसला मान मिळाला नाही. तिला तो पुरत होता.

बाबा गेले. मी लग्न होऊन मुलुंडला आले. वस्ती पुनर्विकासात गेली. ते काम साहेबांच्या मुलाने केलं, त्यांनाही आता साहेबच म्हणतात, आपण धाकटे साहेब म्हणू. त्यांनी बिल्डर आणला, लोकांचे कागद पात्र करून घेतले, भाड्याच्या घरांत सगळ्यांना सांभाळून ठेवलं आणि खरोखर टॉवर उभा केला. किती वस्त्यांचे लोक अजून भाड्याच्या घरांत कुजताहेत, त्यामानाने आमचे लोक नशीबवान. दादा सोसायटीचा सेक्रेटरी झाला आणि बाबांच्या जागी गाऱ्हाणंही तोच घालू लागला. बाबांसारखा आवाज, बाबांसारखं थांबणं. टॉवरमधल्या पहिल्या पूजेला माझे डोळे भरून आले होते.

त्या वर्षी त्याने बाबांची ओळ तशीच ठेवून पुढे एक शेपूट जोडलं. ज्या साहेबांनी बायांच्या पाठीशी राहून मदत केली, त्यांच्या आत्म्याला शांती दे. साहेब नुकतेच वारले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, एवढाच अर्थ मी घेतला आणि सगळ्यांबरोबर होय म्हटलं. नव्या घराचा आनंद होता, आणि भरल्या पोटी माणूस उदार होतो.

पुढच्या वर्षी "फोडून"चं "उघडून" झालं. एवढ्या गर्दीत आणि अगरबत्तीच्या धुरात ते कोणाच्या लक्षात येणार? मलाही वाटलं, बोलताना चुकला असेल. त्याच्या पुढच्या वर्षी "बायांनी" जाऊन तिथे "बायांसाठी" आलं. नुसता शेपटीचा प्रत्यय बदलला, आणि त्या सगळ्या बायका पाणी आणणाऱ्या होत्या त्या पाणी घेणाऱ्या झाल्या. साहेबांनी कुलूप उघडून बायांसाठी या डोंगरावर पाणी आणलं. होय म्हाराजा, म्हणाला हॉल. मी म्हटलं नाही. मी तोंड घट्ट मिटून बसले आणि कोणाला काही फरक पडला नाही. शंभर तोंडांत एक तोंड बंद असलं तर आवाज काही कमी होत नाही.

मी आईकडे बघितलं. ती पुढच्या रांगेत खुर्चीवर होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "होय म्हाराजा". चांगलं मोठ्याने म्हणाली.

पूजा झाल्यावर मी दादाला लिफ्टपाशी गाठलं.

"दादा, कुलूप साहेबांनी उघडलं?"

"किल्ली कोणाकडे होती?" तो म्हणाला. "त्यांच्याकडेच ना? मग उघडणार कोण?"

"फोडलं आईने. वरवंटा तू आणून दिलास."

"तू तेव्हा लहान होतीस गं. तुला काय आठवतंय."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्याचा सूर जरा खाली आला. "हे बघ, त्यांच्यामुळे आज डोक्यावर छप्पर आहे. धाकटे साहेब समोर बसलेले असतात. आणि पोलीस केस झाली होती आईवर, ते दरवर्षी माईकवरून सांगू? पोरीचं लग्न ठरवायचंय, समजून घे ना जरा. एक ओळ इकडची तिकडे झाली तर देव काय खाली येणार आहे?"

"मग त्या ओळीसाठी देवाला कशाला मध्ये घालतोस?"

लिफ्ट आली. मी चार शब्द जास्तच बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, वहिनीला आयतंच कोलीत मिळेल.

वर येऊन मी आईला विचारलं. ती पलंगावर पाय पसरून बसली होती. मला वाटलं होतं ती तरी तोंड सोडेल, तिला येतं ते. ती म्हणाली, "अगो, देवाक सगळा म्हायती आसा. तेका कोण फसयतला? पण चार माणसांत माझ्या झिलाक मी खोटो पाडू?"

"आणि तुझं काय?"

"माझा काय आता," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.

म्हणजे तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मुलाची लाज राखायला ती खोट्याला हो म्हणाली. आई आहे, तिला मी काय बोलणार? पण माझ्या मनात आलेलं लिहून टाकते. मला वाटलं, या दोघांनी मिळून मला फसवलं. घरातल्या तीन माणसांनी बघितलेली एक गोष्ट होती आणि त्यातल्या दोघांनी बाजू बदलली. मी एकटी राहिले, तीही तेव्हा कडेवर असलेली.

मी विचार केला, निदान तो वरवंटा तरी आपल्याकडे न्यावा. विचारलं तर कळलं की तो जुन्या खोलीतच राहिला. नव्या किचनच्या टाइल्स फुटतील म्हणून वहिनीने पाटा-वरवंटा आणलाच नव्हता, आणि दादाने तिला आणायला सांगितलं नव्हतं. खोल्या पाडल्या तेव्हा तो मातीखाली गेला. कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी मान्य करते. घरोघरी मिक्सर आहेत. पण मला एकदा विचारलं असतं तर मी तो मुलुंडपर्यंत मांडीवर घेऊन गेले असते.

मग एकदा भाची घरी आली होती, दादाची मुलगी. हुशार आहे, अंधेरीला नोकरी करते, माझ्यावर जीव आहे तिचा. फोनवर कोणाला तरी हसत म्हणाली, "आता काय, किल्ली घरी राहिली का तुझी?" मला इतका आनंद झाला. म्हटलं, ओळी बदलल्या तरी म्हण राहिली. मी तिला विचारलं, हे कुठून आलं माहितीये का तुला?

"हो ना, आत्या," ती म्हणाली. "एकदा मोठ्या साहेबांची किल्ली घरी राहिली होती, तर ते लोकांसाठी तसेच अनवाणी पळत घरी गेले आणि घेऊन आले. त्यावरून."

मी म्हटलं, कोणी सांगितलं? म्हणाली, सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं.

मला हसावं की रडावं कळेना. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे शाळेत शिकले होते. पण सशालाही पटवून देतात की तुला पारध्याने वाचवलं, हे तिथे शिकवलं नव्हतं. साहेबांची लबाडी बायकांनी ज्या शब्दांत जपून ठेवली होती, तेच शब्द आता त्यांच्या आरतीला लागले. मी भाचीला खरं काय ते सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पण आत्या, पप्पा तर वेगळं सांगतात. आणि तू खूप लहान होतीस ना तेव्हा?"

टीव्हीवर रोज कोणी ना कोणी मोठ्या इतिहासावरून भांडत असतं. हा धडा काढला, तो घातला, अमक्या रस्त्याचं नाव बदललं, तमका शूर नव्हताच. मी पूर्वी चॅनेल बदलायचे. कोण राजा कुठे जिंकला याने माझ्या डाळीला फोडणी बसणार नव्हती. आता बदलत नाही. आता वाटतं, त्या सगळ्याची सुरुवातही अशीच झाली असेल. कोणी दुष्ट माणसाने बसून कट केला नसेल. कोणाच्या तरी दादाने, उपकारांच्या ओझ्याखाली आणि पोरीच्या लग्नाच्या काळजीने, एक शब्द हळूच सरकवला असेल. खोटं बोलणाऱ्याला मी घाबरत नाही, त्याला दोन शब्द सुनावता येतात. पण होय म्हणणाऱ्यांना काय सुनावणार? ते ऐकतच नव्हते.

गेल्या वर्षीच्या पूजेला हॉलच्या भिंतीत आमचा जुना नळ बसवायचं ठरलं. खरंच जुना नळ, पितळी, घासून लखलखीत केलेला. खाली संगमरवराची पाटी, तिच्यावर "जलदाते" आणि पुढे मोठ्या साहेबांचं नाव. अनावरण धाकट्या साहेबांच्या हस्ते. आणि सर्वात ज्येष्ठ रहिवासी म्हणून आईचा सत्कार. काकी केव्हाच गेली होती. बाकीच्या बायकांतल्या काही गावी जाऊन वारल्या, काही इथेच. पेटीभोवती उभ्या असलेल्यांपैकी एकटी आईच उरली होती.

मी ठरवलं, हीच वेळ. सत्कार झाला की दोन शब्द बोलायला माईक देतात. आईने त्या माईकवर एकदाच खरं सांगावं, एवढंच मला हवं होतं. पाटीला पाटी म्हणून राहू दे, पण तिच्यासमोर उभं राहून एकदा सगळ्यांच्या कानावर पडू दे. आई पंच्याऐंशीच्या घरात. ती गेली की मग मी सांगितलेलं कोण ऐकणार होतं? आदल्या आठवड्यात मी दोनदा घाटकोपरला जाऊन तिच्याशी बोलले. "आई, माईक देतील तेव्हा पाण्याची गोष्ट सांग हां. कशी झाली तशी सांग." ती म्हणाली, "सांगतंय की. माका सगळा आठवता." आणि आठवतंच तिला. कोणत्या खोलीत कोण राहायचं, कोणाची सून कुठल्या गावची, माझ्या बारशाला कोणी काय आणलं, सगळं घडाघडा सांगते. मी निर्धास्त झाले.

सव्वीस जानेवारीला हॉल गच्च भरला होता. दादाने गाऱ्हाणं घातलं. "ज्या जलदात्या साहेबांनी" अशी ओळ आली, होय म्हाराजा झालं. पडदा बाजूला झाला, नळ चमकला, टाळ्या. मग आईला शाल घातली, हातात नारळ दिला. धाकटे साहेब वाकून तिच्या पाया पडले, मनापासून पडले असावेत. माईक तिच्यासमोर धरला.

"सायब रोज सकाळी येयत," आई म्हणाली. आवाज खणखणीत. "एक दिस किल्ली घराक रवली. आमी बाया हंडे घेवन उभ्या. तर सायब तसेच अनवाणी धावत गेले नि किल्ली घेवन इले. उन्हान पाय भाजले तेंचे. कुलूप उघडल्यानी. आमी सगळ्यांनी तेंका ओवाळलंव."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकट्या साहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले. मी दादाकडे बघितलं. टाळ्या वाजवता वाजवता त्याचे हात मध्येच थांबले होते. पाय भाजले आणि ओवाळलं, हे त्याने कधी गाऱ्हाण्यात घातलं नव्हतं.

वर घरी आल्यावर आई शाल पांघरूनच पलंगावर बसली. मी दार लोटलं आणि तिच्याशेजारी बसले. वाटलं, लेकाची लाज राखायला हेही केलं असेल तिने.

"आई, खाली असं का सांगितलंस? आता इथे कोणी नाही. वरवंट्याचं का नाही सांगितलंस?"

"खयचो वरवंटो?"

"आपला. टवका उडालेला."

"तो होय," ती म्हणाली. "तो माझ्या हातातसून मोरीत पडलो, तेव्हा तेचो टवको गेलो."

मी तिच्या डोळ्यांत बघत होते. खोटं बोलताना माझी आई पापण्या मिटते, बाबांपासून काही लपवायची तेव्हाही मिटायची. आता ती माझ्याकडे सरळ बघत होती. तिला मोरी दिसत होती, पडणारा वरवंटा दिसत होता. कुलूप तिच्या हातून फुटलेलं कुठेच नव्हतं. तिच्या आयुष्यातला तो एवढासा मान कोणी हिसकावला नव्हता, तो तिच्याकडून दरवर्षी थोडा थोडा होय म्हणवून काढून घेतला होता.

दादा प्रसादाची ताटली घेऊन दारात उभा होता. कधी आला ते मला कळलं नाही. त्याने ताटली टेबलावर ठेवली आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"आये, मोरीत नाय पडलो तो," दादा म्हणाला. "मीच घेवन धावलंय खाली. तेका वाटप लागलेला. माझो शर्ट पिवळो झालो म्हणान तू माका धपाटो घातलंस. आठवता?"

आई हसली. लहान मुलाने काहीतरी रचून सांगितलं की हसते तशी.

"तू तेव्हा बारको होतंस रे. तुका काय आठवतला."

"आये, कुलूप तू फोडलंस."

आता ती जरा वैतागली. आधी माझ्याकडे बघितलं, याला काय झालंय अशा नजरेने, मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"सायबांनी उघडल्यानी ता," आई म्हणाली. "तूच दरवर्षी सांगतंस ना, देवाच्या फुडे?"

एवढं बोलून ती थांबली, गाऱ्हाणं घालणारा थांबतो तशी, आणि दादाच्या तोंडाकडे बघत राहिली.